पाठमोरी परीक्षा

१२ जानेवारी, सोमवार

ही वही फुकट मिळाली म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर माझा आणि लिहिण्याचा संबंध सहीपुरता.

आज आमच्या डब्यांच्या कारखान्यात कॉलेजची चार मुलं आणि त्यांच्या बाई आल्या. शेठ स्वतः दारापर्यंत गेले, म्हणजे पाहुणे मोठे. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, की त्यांच्याकडे आवाजाचा धडा नुसता पुस्तकातून शिकवत नाहीत. जिथे खरा आवाज आहे तिथे मुलांनी जायचं, मोजमाप करायचं, आणि शिकता शिकता तिथल्या माणसांच्या उपयोगी पडायचं. त्याचे मार्क असतात. आता आवाजाला आमच्याकडे काय तोटा. पत्र्यातून झाकणं कापणारी यंत्रं सकाळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत दाताच्या मुळापर्यंत हादरा जातो.

पेंटर, म्हणजे आमच्याकडे डब्यांना रंग मारणारा, माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाला, "आपण बेडूक रे. आता चिरणार."

"मग मार्क कोणाला, बेडकाला की चिरणाऱ्याला?"

"बेडकाला वही," तो म्हणाला.

खरंच प्रत्येकाला एक वही दिली. रोज कुठे मोठा आवाज होता आणि किती वेळ, ते लिहायचं आणि नंतर वही परत द्यायची. मी पहिल्याच पानावर हे सगळं लिहून बसलो, त्यामुळे ही काही परत देता येणार नाही. हरवली म्हणून सांगेन आणि दुसरी मागेन.

त्या चौघांत एक उंच, चष्मेवाली मुलगी आहे. तिच्याकडे कान तपासायचं खोकं आहे. संध्याकाळपर्यंत तिचं नाव कानवाली पडलंसुद्धा. दिसायला हुशार आहे पण बोलताना शब्दांची शेपटं खाते. शिकलेल्या मुलींना तोंडातल्या तोंडात बोलायची खोड असते.

१४ जानेवारी, बुधवार

कॉलेजच्या पोरांनी आज मीटर घेऊन सगळा कारखाना पालथा घातला. एक जण आकडे वाचायचा, दुसरा लिहायचा. दोघे एकमेकांच्या कानात ओरडत होते आणि तरी एकाला दुसऱ्याचं कळत नव्हतं. आम्ही हसून हसून बेजार.

यंत्रापाशी आमच्यात कोणी ओरडत नाही. ओठ हलवायचे, समोरचा बघून घेतो. नाहीतर खुणा आहेत. खिशावर दोन बोटं ठेवली की मुकादम येतोय. पोटावरून हात फिरवला की शेठ. आल्या आल्या काकाने मला सांगितलं होतं, "इथे डोळ्यांनी ऐकायचं. कान घरी न्यायला ठेव."

काकाबद्दल लिहायला हवं. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो इथे आहे. काकू आणि त्याच्या दोघी मुली गावी. मी सातवीत शाळा सोडली कारण बाकावर बूड ठरत नव्हतं. मग वीटभट्टी झाली, खडी फोडायच्या मशिनीवर चार-पाच वर्षं गेली, मध्ये ट्रकवर क्लीनर झालो. कुठेच जीव रमला नाही. वडील गेल्यावर आई काकाला म्हणाली, "भाऊजी, याला एका जागी बसवा." दोन वर्षं झाली, बसलोय. पण पिशवी अजून खिळ्याला भरलेलीच टांगलेली असते. काका येता-जाता ती बघतो.

काकाला पाठीमागून हाक मारली तर पोचत नाही. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कारखान्यात कोणाला पत्ता नाही, कारण समोरून बोललं की तो एक शब्द सोडत नाही.

आमच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर कोणाचा तरी पंप सारखा चालू असतो. बारीक सूं सूं. माणसांना लाज नाही.

१७ जानेवारी, शनिवार

मुकादमाने आज सांगून टाकलं. सोमवारी सगळ्यांचे कान तपासणार, आणि ज्याचे कान अधू निघतील त्याला शेठ यंत्रावर ठेवणार नाहीत. "उद्या हात गेला तर कोण निस्तरणार?" असं शेठ म्हणाले म्हणे. कॉलेजच्या बाईंनी असं काही सांगितलेलं नाही. हे शेठचं डोकं.

काका सुट्टी झाल्यावर यंत्र पुसत बसला. ते सकाळीच पुसलं होतं.

मी समोर जाऊन बसलो. "काका, सोमवारी आजारी पड."

"पडतो. मग मंगळवारी?"

"मग सांग ना खरं काय ते."

"खरं सांगितलं तर पॅकिंगला बसवतील, पोरींबरोबर डबे मोजायला. किंवा घरी पाठवतील. घरी जाऊन काय करू, तुझ्या काकूच्या मागे मागे फिरू?" मग हाताने यंत्राची कड पुसली. "हे सोडून मला काही येत नाही रे."

त्याच्या या वाक्याने मला कसंतरी झालं. मला तर हेसुद्धा धड येत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

आज मी जे केलं त्याला डोकं लागतं, शाळा नाही.

गोदामाच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं होतं. एका बाजूला कानवाली आणि तिचं खोकं, समोर खुर्ची. कानांवर हेडफोनची मोठी भोंडुली घालायची, बारीक शिट्टी वाजली की बोट वर करायचं. मी मुद्दाम रांगेत पुढेच उभा राहिलो. पहिले दोघे बसले तेव्हा दारातून नीट बघून घेतलं. खोक्याचं बटण टेबलाखाली आहे, दिसत नाही. पण कानवाली बटण दाबेपर्यंत कागदाकडे बघते, आणि दाबलं रे दाबलं की मान वर करते, बोट उठतंय का बघायला. दर वेळी. बिचारीला कळतही नाही.

मी बाहेर येऊन काकाला ओठांनी सांगितलं, "तिने वर बघितलं की बोट."

मी बसलो तेव्हा मलाही ते सोपं पडलं. शिट्ट्या इतक्या बारीक की वाजल्या काय, न वाजल्या काय, सारखंच. तिच्या डोळ्यांवर नजर ठेवली आणि धडाधड बोट वर. ती म्हणाली, "छान, दादा." दादा म्हणाली. जाऊ दे.

काका आत गेला तेव्हा मी दाराशीच थांबलो. बाहेर आला तो मिशीतल्या मिशीत हसत. कानवालीने त्याला विचारलं म्हणे, "काका, इतकी वर्षं इथे राहून कान एवढे चांगले कसे?" काका म्हणाला, "तेल घालतो."

पेंटरलाही जमलं, सगळ्यांनाच जमलं. मी कोणाला शिकवलं नव्हतं. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाने आपापलं ओळखलं. आमची माणसं कधी कोणाच्या चेहऱ्यावरून नजर काढतच नाहीत.

२२ जानेवारी, गुरुवार

आईचा फोन. तिचा फोन खराब झालाय, आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी म्हटलं नवीन घे. ती म्हणाली, तुझ्या बहिणीशी बोलते तेव्हा तर चांगला चालतो. माझ्याशी बोलतानाच बिघडतो म्हणजे बघा.

२९ जानेवारी, गुरुवार

कॉलेजवाले निकाल घेऊन आले. हाही त्यांच्या अभ्यासाचा भाग आहे, की ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती समजावून परत द्यायची. जेवणाच्या खोलीत फळा आणला होता.

बाईंनी आधी आवाजाचे आकडे सांगितले. ते वाईट आहेत. इतक्या आवाजात कानाला झाकण लावल्याशिवाय उभं राहू नये, असं. मग कानवाली कानांचा निकाल सांगायला उठली. कान उत्तम. ती असं सांगत होती जणू हरवलेलं काही सापडत नाहीये.

मध्येच एक गंमत झाली. ती आमच्याकडे पाठ करून फळ्यावर चित्र काढत होती. काढून झाल्यावर खडू तसाच धरून गप्प उभी. मग वळली आणि म्हणाली, "मी विचारलं, कोणाच्या कानात घरी गेल्यावर शिट्टी वाजते का?" सगळे एकदम म्हणाले, "नाही." ती पुन्हा पाठ करून उभी राहिली. बराच वेळ. आम्ही वाट बघतोय. मग वळून सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघत राहिली. चार लोकांसमोर बोलायचं म्हणजे शिकलेल्यांचीही फे फे उडते. मला वाईट वाटलं तिचं.

नंतर ती आणि बाई शेठशी बोलत होत्या. पेंटर चहा द्यायच्या निमित्ताने तिथे होता, त्याने येऊन सांगितलं. कानवाली म्हणत होती की तपासणी चुकली असावी, पुन्हा करू द्या. शेठ म्हणाले, "ताई, पास झालेल्याचा पेपर कोणी परत तपासतं का?" वर कानाची झाकणं आणायचं ठरत होतं तेही त्यांनी रद्द केलं. कान चांगले आहेत म्हटल्यावर कशाला.

आणि संध्याकाळी मुकादम काकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुमचा निकाल एक नंबर. नवीन मोठं यंत्र सोमवारपासून तुमच्याकडे."

काका हसला. मी यंत्र बघून आलोय. मला हसू येत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

नीट लिहितो म्हणजे माझंच मला कळेल.

जुन्या यंत्राला पाय-दांडी होती. काकाने पाय मारला की पत्रा कापणारा दट्ट्या खाली यायचा, म्हणजे सगळं त्याच्या पायात. नवीन यंत्र आपलं आपण चालतं. पत्रा आत सरकतो, पुढचा माणूस दोन्ही हातांनी तो सरळ करतो, पत्रा जागेवर बसला की घंटा होते, आणि लगेच दट्ट्या येतो. पत्रा कधी पटकन बसतो, कधी अडखळतो, त्यामुळे अंदाज बांधता येत नाही. घंटा झाली की हात बाहेर. बास, एवढाच नियम.

पुढचा माणूस काका. घंटा त्याला ऐकू येत नाही.

मागच्या बाजूने कापलेली झाकणं ओढायला एक माणूस लागतो. मी मुकादमाच्या मागे लागून ती जागा घेतली. पण यंत्र भिंतीएवढं उंच. मागून मला काका दिसत नाही, त्याला मी दिसत नाही. खुणा करायच्या कोणाला?

सकाळी काकाने थोडा वेळ नुसत्या हादऱ्यावर काम केलं. घाम असा की शर्ट पिळून घ्यावा. मी जेवणाच्या सुट्टीत सुतळी आणली. एक टोक यंत्राच्या खालून नेऊन काकाच्या एप्रनच्या गाठीला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला. घंटा झाली की मी हिसका देतो, तो हात काढतो.

काका म्हणाला, "बैलासारखं वाटतंय."

"मग हंबर."

दुपारभर एकही चूक नाही. आजपर्यंत माझ्या हातात कोणाचं काही नव्हतं. आता काकाचे दोन्ही हात आहेत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं. मी आणि काका म्हणजे एकच माणूस झालोय. घंटा व्हायच्या क्षणी मागच्या बाजूची एक पोलादी पट्टी टुणकन उडते. मला ती आधी दिसते, मग घंटा. कधी कधी घंटेकडे लक्षही जात नाही, पट्टी उडाली की हात आपोआप हिसका देतो.

फक्त मला आता कुठेही जाता येत नाही. लघवीला जायचं तर यंत्र बंद. परवा मुकादमाने मला दुसरीकडे पाठवायचं म्हटलं तर काका एकदम म्हणाला, "नको, हा इथेच हवा." मुकादम म्हणाला, "पुतण्याचा फार लळा." लळा कसला, सुतळी आहे.

बंदरावर माणसं घेताहेत असं पेंटर सांगत होता. सहा महिने बोटीवर, सहा महिने सुट्टी. मी पिशवीकडे बघितलं आणि मग मनगटाकडे. सुतळीने वळ उठलाय.

काकाला म्हटलं, "खरं सांगून टाकू या."

तो म्हणाला, "सांग. आणि मग मिळेल त्या गाडीने निघून जा, माझं तोंड बघायला थांबू नकोस."

११ फेब्रुवारी, बुधवार

आज घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी मुकादमाने त्या उडणाऱ्या पट्टीवर पत्र्याचं झाकण बसवलं. कोणाच्या बाहीला लागेल म्हणून. चांगलंच केलं. पण नेमकी आजच घंटा बिघडली. एकदा वाजते, चार वेळा वाजत नाही. मी कान देऊन उभा, घंटा नाही आणि दट्ट्या खाली. ओरडलो तरी कोणाला ऐकू जाणार? सुतळी जोरात ओढली तोवर उशीर झालेला. पळत पुढे गेलो तर काका हात छातीशी धरून उभा.

हातमोज्याची दोन टोकं साच्यात चेपून राहिली होती. बोटं निघाली. नखं काळीनिळी झालीत, बाकी शाबूत आहेत.

मी कारखान्यातल्या वायरमनची गचांडी धरली. म्हटलं, घंटा बंद आहे आणि तू बिड्या फुंकतोस. त्याने सगळ्यांसमोर यंत्र मोकळं चालवून दाखवलं. म्हणाला, "ही काय वाजतेय ना, बहिऱ्या?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळे त्याच्या बाजूचे.

काका माझ्याकडे असं बघत होता, की मीच कुठे पडलोय आणि मला लागलंय.

मी ते झाकण पान्याने काढून फेकलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पिशवी खिळ्यावरून काढली. काका कामावर गेल्यावर निघायचं ठरवलं. तो आज पट्ट्या बांधून जुन्या यंत्रावर उभा आहे. मोठं यंत्र सोमवारपासून पुन्हा चालू होणार.

फाटकाबाहेर कानवाली उभी. एकटीच होती. बस पकडायला आल्यासारखी खांद्याला पिशवी, म्हणजे दोघे पिशवीवाले. ती माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश बोलली. या वेळी तिचा शब्द न् शब्द कळला.

"दादा, माझी तपासणी चुकली. माझीच चूक होती, मी समोर बसायला नको होतं. अहवाल दिला तर मार्क मिळतील, पण तो खोटा आहे. रविवारी कॉलेजात याल? आमच्याकडे शांत खोली आहे."

"मीच का?"

"तुम्ही सगळ्यांत जास्त बरोबर उत्तरं दिलीत. शिट्टी वाजवली नव्हती तेव्हासुद्धा एकदा बोट वर केलंत. मला शिंक येणार होती म्हणून मी वर बघितलं होतं."

मी हसलो. तीही हसली, पण अर्धवट.

मग मला वाटलं, जायच्या आधी एवढं करू. त्या शांत खोलीत माझी तपासणी झाली आणि नीट ऐकू येणाऱ्याचा निकाल कसा असतो ते तिला समजलं, की काकाचं काय ते तिला हळूच सांगू. तिच्याकरवी काही मार्ग निघेल, माझं नावही येणार नाही. पिशवी परत टांगली.

१५ फेब्रुवारी, रविवार

कॉलेजच्या तळमजल्यावर ती खोली आहे. भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं. दार लावलं की आपलं रक्त वाहिल्याचं ऐकू येईल इतकी शांतता, असं कानवालीच म्हणाली. मला मात्र आत गेल्याबरोबर वरच्या मजल्यावरच्या पंपाची सूं सूं आली. तोच पंप. खोलीवरचा. मी छताकडे बघितलं. कॉलेज रविवारी बंद असतं.

तिने खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. भोंडुली घातली. ती काचेपलीकडे, माझ्या पाठीशी. सुरुवातीला जाड आवाजाचे भोंगे आले, ते मी टिपले. मग बंद झाले. मी वाट बघत बसलो. भिंतीवर गादीची शिवण होती, तिचे टाके बघितले. वाटलं काहीतरी बिघडलं असेल, किंवा बाई आल्या असतील आणि दोघी बोलत असतील. बोलावंसं वाटलं की अहो, आम्ही बसलोय इथे. पण परीक्षेत बोलायचं नसतं. नंतर पुन्हा दोनचार भोंगे आले आणि पुन्हा सामसूम.

शेवटी खांद्यावर हात पडला. कानवाली.

"सुरू करा की," मी म्हटलं.

तिने भोंडुली काढली. समोर येऊन उकिडवी बसली, म्हणजे तिचं तोंड मला दिसावं. म्हणाली, "झालं, दादा. संपलं."

कागदावरची रेघ दाखवली. डावीकडून सरळ जाते आणि उजवीकडे दरडीवरून पडल्यासारखी खाली. तिने समजावलं, की जाड आवाज मला येतात, बारीक येत नाहीत. बायकांच्या बोलण्यातली टोकं, फोन, शिट्टी. गेलं ते परत येत नाही, पण राहिलेलं वाचवता येतं. तेवढ्यात बाई आल्या, त्याही तेच बोलल्या.

मी एकच विचारलं. "घंटा?"

"कोणती?"

मी हात हलवून टण्ण केलं. तिने कागदावर बोट ठेवलं. दरडीच्या खाली.

येताना चालत आलो. बस कशाला, मला रस्त्यात हलत राहायचं होतं. म्हणजे बुधवारी घंटा चांगली होती. आणि तो सगळा आठवडा मी घंटा ऐकून हिसका देत नव्हतो, पट्टी बघून देत होतो. जो माणूस ऐकत नाही त्याचे हात, जो ऐकत नाही त्याच्या मनगटाला बांधलेले. आम्ही दोघे एकच माणूस झालोय असं मी इथेच लिहिलंय. मागची पानं फाडावीशी वाटली.

खोलीवर काका भाजी चिरत होता. मी तो कागद खिशात घडी करून ठेवला आणि कांदा सोलायला बसलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मोठं यंत्र सुरू झालं. काकाने सुतळी एप्रनला बांधून टोक यंत्राखालून माझ्याकडे सरकवलं. मी ते हातात घेतलं. पट्टी उघडी होती, मला दिसत होती. आजचा दिवस निघाला असता. उद्याचाही निघाला असता.

मी लाल बटण दाबलं.

काका पुढून तणतणत आला. "काय झालं?" मुकादम आला. पोटावर हात फिरवत पेंटरने लांबूनच खूण केली आणि मागोमाग शेठ आले. सगळी यंत्रं एकेक करून थांबली.

मी कानवालीने दिलेला कागद शेठसमोर धरला. "माझे कान गेलेत. मला घंटा ऐकू येत नाही. पुढच्या माणसाचा हात गेला तर माझ्यामुळे जाईल."

शेठ म्हणाले, "तुझा निकाल तर चांगला होता."

"तिच्या डोळ्यांकडे बघून लिहिला होता. सगळ्यांनी तसाच लिहिलाय. विचारा."

कोणी कोणाकडे बघेना. आमच्यात हे पहिल्यांदाच. मग पेंटर म्हणाला, "मला वाटलं, मी एकटाच." दोघे हसले. शेठ मुकादमावर ओरडले. मुकादम वायरमनवर ओरडला. मोठं यंत्र बंद ठेवा, घंटेच्या जोडीला दिवा लावून घ्या, असं काहीतरी ठरलं. मला म्हणाले, तुझं बघू. बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे.

काकाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. तो सुतळीचं टोक हातात घेऊन उभा होता.

मी गोदामामागे जाऊन बसलो. तो आला, समोर बसला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुझं. खुळ्यासारखा हसत असतोस, पण चार हाका मारल्यावर वळतोस. तुझी आई फोनवर रडली तरी तू 'बरं बरं' म्हणतोस."

"आई रडली?"

"मागच्या महिन्यात. काकूने मला लिहून कळवलं. तुला कळलंच नाही." बोटांच्या पट्ट्या बघत राहिला. "मला वाटलं, नाही म्हटलं तर नसेल. माझं मी इतकी वर्षं तसंच चालवलंय. पण बुधवारी वायरमनने घंटा वाजवली, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि आपण दोघेच एकमेकांकडे बघत उभे."

मी म्हटलं, "मग तेव्हाच बोलायचं होतंस."

"बोललो असतो तर माझं निघालं असतं." मग म्हणाला, "वहिनीने तुला माझ्याकडे दिलं होतं. मी तुला यंत्राच्या मागे बांधून ठेवलं."

२२ फेब्रुवारी, रविवार

काका स्वतः म्हणाला, "मला घेऊन चल." दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. रस्त्यात एकदाच बोलला, "तुझं राहिलंय तेवढं राखायचं. कानाला झाकण लावल्याशिवाय तू आता कुठे उभा राहणार नाहीस, इथे असो की बोटीवर असो." मी म्हटलं, "आणि तुझं?" तर म्हणाला, "तेच तर विचारायला चाललोय."

कारखान्यातून आणखी पाच जण आले होते. पेंटर म्हणाला, "बेडूक आपल्या पायांनी चालत आले." कानवालीने या वेळी सगळ्यांना आधीच सांगितलं, की तिचा पहिला अहवाल तिने चुकीचा म्हणून बाईंकडे परत दिलाय, आणि आजचा कागद ज्याचा त्याला मिळेल. शेठला द्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

काकाचा नंबर आला. खुर्ची दाराकडे तोंड करून होती, आधीच्याने वळवली असेल. कानवाली पुढे झाली, त्याआधी काकाने स्वतःच ती उचलली आणि भिंतीकडे वळवून बसला. मला काचेपलीकडे तिच्याशेजारी बसू दिलं.

तिथून सगळं दिसतं. ती बटण दाबते ते दिसतं, बटणाजवळ एक बारीक दिवा लागतो तो दिसतो, आणि काकाची पाठ दिसते. दिवा लागला. काकाचं बोट मांडीवर. दिवा लागला. बोट मांडीवर. त्याची पट्टी अजून निघालेली नाही. दिवा लागत होता आणि माझं मनगट प्रत्येक वेळी आपोआप हलत होतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो.

मधे दोनदा त्याचं बोट उठलं. दोन्ही वेळा दिवा बंद होता.

संपल्यावर कानवाली आत गेली. मी दारात उभा राहिलो. काकाने भोंडुली स्वतःच काढून तिच्या हातात दिली. मग खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर घेतली, तोंड खिडकीच्या उजेडात यावं म्हणून तिला थोडं सरकायला लावलं, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तिच्या ओठांवर नजर लावली.

"आता सांग पोरी," तो म्हणाला. "सगळं सांग. सावकाश."